कम्युनियनच्या लाईनमध्ये कोणी कोणाला अडवायचं? बायडन, पेलोसी आणि कॅनन ९१५

लोकलमध्ये हेडफोन घरी विसरल्याचे मेसेज दर आठवड्याला येतात, म्हणून हा भागही लिहून काढलाय. बोलताना मी जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

दोन वर्षांपूर्वी मी वसईला एका लग्नाला गेलो होतो. ऑफिसातल्या मित्राच्या बहिणीचं लग्न. चर्चमधली सगळी मिस्सा मराठीत चालू होती, त्यामुळे मला एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं. मग लोक बाकांवरून उठले, लाईन लागली, आणि पुढे फादर प्रत्येकाच्या हातावर काहीतरी पांढरं, गोल ठेवतायत असं दिसलं. आता आपली सवय काय? देवाच्या दारात काही वाटतायत म्हणजे प्रसाद. आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. मी लाईनमध्ये. माझा नंबर आला, मी उजवा हात पुढे केला, अगदी तीर्थ घेतात तसा. फादर दोन सेकंद थांबले, हळूच विचारलं, "कॅथलिक?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी हसून माझ्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि मी पुढे सरकलो. कान गरम झाले होते.

परत येऊन बघतो तर माझा मित्र बाकावरच बसलेला. म्हटलं, अरे तू तर कॅथलिक आहेस, सख्ख्या बहिणीचं लग्न आहे, तू का नाही गेलास? तो म्हणाला, "खूप दिवस कन्फेशनला गेलो नाहीये. असं कसं घेणार?"

गेल्या महिन्यात एका श्रोत्याने विचारलं, की अमेरिकेतले बिशप तिथल्या नेत्यांना कम्युनियन नाकारतात म्हणजे नक्की काय करतात, आणि एवढा गदारोळ का? वाचायला बसलो तेव्हा सारखं ते लग्न आठवत राहिलं. मी पुढे गेलो आणि मला थांबवलं. मित्राला कोणीच थांबवलं नाही, तो स्वतःच थांबला. अमेरिकेतलं चाळीस वर्षांचं भांडण या दोन थांबण्यांच्या मधल्या जागेत आहे.

आधी कम्युनियन म्हणजे काय ते. कॅथलिक श्रद्धा अशी की मिस्सेत त्या भाकरीचं आणि द्राक्षारसाचं खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं. प्रतीक म्हणून नाही, खरोखर. त्यामुळे ते घेणं म्हणजे 'मी या श्रद्धेशी आणि या समाजाशी पूर्ण एक आहे' असं सगळ्यांसमोर सांगणं. आपला प्रसाद येईल त्याला मिळतो, इथे तसं नाही. गंमत म्हणजे २०१९ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकन कॅथलिकांना विचारलं तेव्हा फक्त ३१ टक्के लोकांनी 'खरोखर होतं' असं सांगितलं, बाकीच्यांतले बहुतेक 'प्रतीक आहे' म्हणाले. बिशपांना त्या आकड्याचा चांगलाच धक्का बसला. तो धक्का लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

आता नियम. कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा आहे, कॅनन लॉ. सध्याची संहिता १९८३ ची. तिच्यात ९१५ आणि ९१६ अशी दोन कलमं शेजारी शेजारी आहेत. ९१६ सांगतं की आपल्या हातून गंभीर पाप झालंय याची ज्याला जाणीव आहे, त्याने कन्फेशन केल्याशिवाय कम्युनियन घेऊ नये. हे माझ्या मित्राचं कलम. तपासणारा तोच, अडवणारा तोच. ९१५ मात्र देणाऱ्याला उद्देशून आहे: जे उघडपणे, गंभीर पापात, हट्टाने टिकून राहतात त्यांना कम्युनियन देऊ नये.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे पटकन कळेल. ९१६ म्हणजे क्लायंट साइड व्हॅलिडेशन, ९१५ म्हणजे सर्व्हर साइड. युजर स्वतःहून थांबला तर उत्तम, नाही थांबला तर सर्व्हरने रिक्वेस्ट नाकारायची. आणि ९१५ मधला प्रत्येक शब्द ही एक अट आहे. पाप गंभीर हवं. उघड हवं, म्हणजे चारचौघांना माहीत असलेलं. टिकून राहिलेलं हवं. आणि हट्टाने, म्हणजे आधी समजावून, बजावून झालेलं असूनही. चारही खऱ्या ठरल्या तरच नकार.

इथे एक गैरसमज बाजूला करतो, कारण मलाही तो होता. कम्युनियन नाकारणं म्हणजे बहिष्कृत करणं नव्हे. आपल्याकडे जातपंचायती लोकांना वाळीत टाकायच्या, ज्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तसलं हे काही नाही. तो माणूस मिस्सेला येऊ शकतो, बसू शकतो, प्रार्थना करू शकतो. आणखी एक: गर्भपात करून घेणाऱ्याला किंवा करणाऱ्याला चर्चच्या कायद्यात आपोआप बहिष्काराची शिक्षा आहे, पण ते कलम वेगळं आहे आणि ते प्रत्यक्ष गर्भपाताबद्दल आहे. संसदेत हात वर करून गर्भपाताच्या हक्काला मत देणारा त्यात बसत नाही. मग तो ९१५ मध्ये बसतो का? मतदान हे 'उघड गंभीर पाप' ठरतं का? सगळी मारामारी या प्रश्नावर.

आणि ही मारामारी गर्भपात चूक की बरोबर यावर नाही, हे नीट ऐका. गर्भपात गंभीर पाप आहे यावर अमेरिकेतले सगळे बिशप एका बाजूला आहेत. पोप फ्रान्सिससुद्धा त्याला सरळ हत्या म्हणायचे. वाद आहे तो वेदीपाशी उभं राहून माणूस अडवायचा का, यावर.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला. त्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षातल्या कॅथलिक नेत्यांची पंचाईत झाली. पक्ष एकीकडे, चर्च दुसरीकडे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युओमो यांनी नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठातच जाऊन मांडणी केली, की चर्चची शिकवण मला स्वतःला मान्य आहे, पण नाना धर्मांच्या लोकांवर ती कायद्याने लादणं हे माझं काम नाही. तेव्हापासून 'वैयक्तिक विरोध, पण...' हे वाक्य कॅथलिक डेमोक्रॅट नेत्यांच्या तोंडी बसलं. टीकाकार विचारतात, की एखादी गोष्ट खून आहे असं खरंच वाटत असेल, तर 'वैयक्तिक' या शब्दाला अर्थ काय? मला हा प्रश्न वाटतो तितका उथळ वाटत नाही.

पहिला मोठा नकार १९८९ चा. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या बिशप लिओ मार यांनी लूसी किलिया या उमेदवार बाईंना पत्र पाठवून कम्युनियन बंद केलं, तेही राज्य सिनेटच्या पोटनिवडणुकीच्या ऐन प्रचारात. त्यांच्या जाहिरातींत गर्भपाताच्या हक्काचा पुरस्कार होता. झालं काय, देशभर बातमी झाली आणि बाई निवडून आल्या, तेही रिपब्लिकन वळणाच्या मतदारसंघातून. ज्याला ही गोष्ट माहीत आहे तो बिशप पुढच्या वेळी दोनदा विचार करणारच.

मग २००४. जॉन केरी राष्ट्राध्यक्षपदाला उभे. सेंट लुइसचे आर्चबिशप रेमंड बर्क यांनी जाहीर केलं की आपल्याकडे आले तर केरींना कम्युनियन देणार नाही. पत्रकार रविवारी चर्चबाहेर कॅमेरे घेऊन उभे, कारण आज देतात की नाही हीच बातमी. बिशपांच्या परिषदेने कार्डिनल मॅकॅरिक यांच्याकडे एक समिती सोपवली. तिकडे रोममधून कार्डिनल रात्झिंगर यांनी, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, मॅकॅरिकना एक टिपण पाठवलं. त्यात पायऱ्या होत्या: नेत्याला भेटा, शिकवण समजावून सांगा, कम्युनियनला येऊ नका असं सांगा, आणि तरी आला तर देणाऱ्याने नकार द्यायलाच हवा. त्यात असंही होतं की सगळे मुद्दे एका वजनाचे नाहीत. युद्धावर किंवा फाशीवर एखादा कॅथलिक पोपशी असहमत असू शकतो, गर्भपातावर नाही.

डेन्व्हरच्या बैठकीत मात्र मॅकॅरिक यांनी हे टिपण बरंच मऊ करून सांगितलं. बिशपांनी १८३ विरुद्ध ६ मतांनी ठरवलं की प्रत्येक बिशपने आपल्या धर्मप्रांतात काय करायचं ते स्वतः ठरवावं. पुढच्याच महिन्यात मूळ टिपण एका इटालियन मासिकातून बाहेर आलं आणि कडक बाजूचे लोक आजही म्हणतात की आम्हाला फसवलं. (हे तेच मॅकॅरिक, ज्यांना २०१९ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात धर्मगुरूपदावरून काढून टाकलं. पाप्यांना वेदीपासून दूर ठेवायची चर्चा कोणाच्या हाती होती, हे आठवून बऱ्याच कॅथलिकांना आजही कसंसं होतं.)

'प्रत्येकाने आपापलं ठरवावं' हे ऐकायला समंजस वाटतं. पण अमेरिकेत जवळपास दोनशे धर्मप्रांत आहेत. म्हणजे स्पेक एक आणि इम्प्लिमेंटेशन दोनशे. ज्याने कधी असा एपीआय इंटिग्रेट केलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

जो बायडन यांचंच बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रचारात असताना साउथ कॅरोलायनातल्या फ्लॉरेन्स गावच्या चर्चमध्ये त्यांना कम्युनियन नाकारलं गेलं. नाकारलं तिथल्या स्थानिक धर्मगुरूंनी. वॉशिंग्टनमध्ये मात्र कार्डिनल विल्टन ग्रेगरी यांनी आपण नाकारणार नाही हे आधीच सांगून टाकलेलं. बायडन निवडून आले, केनेडींनंतरचे दुसरेच कॅथलिक राष्ट्राध्यक्ष. दर रविवारी मिस्सेला जाणारे, खिशात जपमाळ बाळगणारे, आणि गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने. बिशपांची अडचण समजून घ्या: देशातला सगळ्यात प्रसिद्ध कॅथलिक माणूसच शिकवणीच्या विरुद्ध कायदे करतोय.

जून २०२१ मध्ये बिशपांनी ऑनलाइन बैठकीत १६८ विरुद्ध ५५ मतांनी ठरवलं की कम्युनियनवर एक दस्तऐवज लिहायचा. व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाचे प्रमुख कार्डिनल लादारिया यांनी मे महिन्यातच पत्र लिहून सावध केलं होतं: आधी आपापसात बोला, मग नेत्यांशी बोला, आणि कॅथलिकांपुढे गर्भपात आणि इच्छामरण एवढेच गंभीर प्रश्न आहेत असं भासवू नका. सप्टेंबरमध्ये विमानात पत्रकारांनी पोप फ्रान्सिसना गाठलं. ते म्हणाले की मी आजवर कोणालाही कम्युनियन नाकारलेलं नाही, आणि बिशपांनी मेंढपाळासारखं वागावं, राजकारणात शिरू नये. ऑक्टोबरअखेर बायडन त्यांना रोममध्ये भेटले आणि बाहेर येऊन म्हणाले की पोपनी मला कम्युनियन घेत राहायला सांगितलं.

मग नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरला तो दस्तऐवज आला. २२२ विरुद्ध ८ अशा दणदणीत मतांनी मंजूर. आणि त्यात? एकाही नेत्याचं नाव नाही. नकाराचा नवा नियम नाही. बराचसा मजकूर कम्युनियन म्हणजे काय हे लोकांना पुन्हा शिकवण्यावर. ते ३१ टक्के आठवतायत ना, तो धक्का इथे कामाला आला. वर्षभर मीटिंगा आणि शेवटी डॉक्युमेंटेशन अपडेट. मी हसलो, पण खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

सगळ्यात सविस्तर प्रकरण नॅन्सी पेलोसींचं. कनिष्ठ सभागृहाच्या स्पीकर, पाच मुलांची आई, सॅन फ्रान्सिस्कोच्या खासदार. तिथले आर्चबिशप साल्वातोरे कॉर्डिलिओनी यांनी रात्झिंगरच्या टिपणातल्या पायऱ्या एकेक करून घेतल्या. भेटीसाठी प्रयत्न, मग खासगी पत्र, आणि २० मे २०२२ रोजी जाहीर निर्णय: गर्भपाताची भूमिका सोडून कन्फेशन करेपर्यंत कम्युनियन नाही. त्यांचं म्हणणं होतं की हे राजकारण नाही, पेलोसींच्या आत्म्याची काळजी आहे, आणि बाकीच्या कॅथलिकांचा गोंधळ होऊ नये म्हणूनही हे गरजेचं आहे. चर्चच्या भाषेत 'स्कँडल' म्हणजे पेपरातलं लफडं नव्हे. एकाचं उघड वागणं बघून दुसऱ्याला ते चालतं असं वाटणं, म्हणजे स्कँडल. पेलोसींनी उलट विचारलं, की मग फाशीच्या शिक्षेचं समर्थन करणाऱ्यांचं काय?

महिनाभराने, २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने 'रो'चा निकालच फिरवला. आणि २९ जूनला पेलोसी रोममध्ये, सेंट पीटर्स बॅसिलिकात, पोपच्या मिस्सेला हजर. तिथे एका धर्मगुरूने त्यांना कम्युनियन दिलं. घरच्या चर्चमध्ये बंदी, आणि व्हॅटिकनमध्ये, जिथून सगळा कायदा निघतो तिथे, मिळालं. कायद्याचे जाणकार सांगतात की एका बिशपचा आदेश त्याच्या धर्मप्रांतापुरता, त्यामुळे तांत्रिक विसंगती नाही. असेल. पण सॅन फ्रान्सिस्कोतल्या एखाद्या साध्या कॅथलिक बाईने यातून काय समजायचं?

हे फक्त अमेरिकेत होतं असंही नाही. सविता हलप्पनवार आठवतात? बेळगावच्या, डेंटिस्ट, वय ३१. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडच्या गॉलवेमध्ये सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावरही गर्भपात नाकारला गेला आणि सेप्सिसने त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर पंतप्रधान एन्डा केनी यांनी आईच्या जिवाला खरा धोका असेल तरच गर्भपात, असा अगदी मर्यादित कायदा आणला. केनी स्वतः कॅथलिक. त्यांनी संसदेत सांगितलं की मला रक्ताने लिहिलेली पत्रं येतायत, आणि मी पंतप्रधान आहे जो योगायोगाने कॅथलिक आहे, कॅथलिक पंतप्रधान नाही. आयरिश कार्डिनलना तेव्हा हाच प्रश्न विचारला गेला, की मत देणाऱ्यांना कम्युनियन नाकारणार का? बिशपांनी कायद्याला कडाडून विरोध केला, पण वेदीपाशी अडवण्याचा फतवा काढला नाही. त्याच वर्षी बॉस्टनचे कार्डिनल ओमॅली मात्र केनींना मानद पदवी मिळणार म्हणून एका कॅथलिक कॉलेजच्या पदवीदानाला गेले नाहीत. २०१८ मध्ये आयर्लंडने सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त मतांनी बंदी उठवली. सविताचे फोटो तेव्हा भिंतींवर होते. म्हणून मला हा विषय 'त्यांच्या चर्चचं अंतर्गत प्रकरण' म्हणून सोडून देता येत नाही. कायदा करणाऱ्यावर कोणाचं किती दडपण चालतं, याची किंमत कधीकधी बेळगावच्या घरात मोजली जाते.

दोन्ही बाजूंचं माझ्या परीने खरं सांगतो. कॉर्डिलिओनींची बाजू कायद्यावर मजबूत आहे. कलम लिहिलेलं आहे, पायऱ्या पाळल्यात, आणि एखाद्या संस्थेने आपल्या सदस्यत्वाच्या अटी पाळायला लावणं यात बेकायदा काही नाही. पेलोसींचा फाशीचा मुद्दाही वाटतो तितका अचूक बसत नाही, कारण रात्झिंगर यांनी तो फरक आधीच केला होता. पण २०१८ मध्ये पोप फ्रान्सिसनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून फाशी अजिबात मान्य नाही असं लिहिलं, म्हणजे ते अंतरही कमी झालंय. समोरच्या बाजूने, तेव्हाचे सॅन दिएगोचे बिशप रॉबर्ट मॅकएलरॉय (हो, किलियाबाईंचंच सॅन दिएगो!) यांनी २०२१ मध्ये इशारा दिला की कम्युनियनचं हत्यार करू नका. फ्रान्सिसही ते आजाऱ्याच्या औषधासारखं बघायचे. औषध आजाऱ्याला नाकारायचं नसतं. लोकांना विचाराल तर प्यूच्या २०२१ च्या पाहणीत ६७ टक्के अमेरिकन कॅथलिक म्हणाले की बायडनना कम्युनियन मिळू द्या. पण श्रद्धेचा नियम बहुमताने ठरत नाही, हेही खरं.

मला खटकतं ते वेगळंच. ९१५ वापरलं जातं तेव्हा ते जवळजवळ नेहमी एकाच मुद्द्यावर, आणि त्यामुळे एकाच पक्षावर. नियम कडक असण्याला हरकत नाही, पण तो एकाच प्रकारच्या रिक्वेस्टवर चालत असेल तर लोक त्याला नियम न म्हणता फिल्टर म्हणणार.

इलिनॉय राज्यात हे अगदी नकाशावर बघायला मिळतं. सिनेटर डिक डर्बिन यांना स्प्रिंगफील्ड या त्यांच्या घरच्या धर्मप्रांतात २००४ पासून कम्युनियन नाही. आताचे बिशप थॉमस पाप्रोकी यांनीही ते कायम ठेवलं. गाडीने तीन-साडेतीन तासांवर शिकागो. तिथले कार्डिनल ब्लेस सूपिच यांच्या धर्मप्रांताने २०२५ मध्ये त्याच डर्बिनना स्थलांतरितांसाठी केलेल्या कामाबद्दल जीवनगौरव द्यायचं ठरवलं. एका राज्यात, एकाच माणसाला, एका चर्चचा नकार आणि त्याच चर्चचा सत्कार. पाप्रोकींसह अनेक बिशपांनी जाहीर विरोध केला, आणि सप्टेंबरअखेर डर्बिननीच पुरस्कार नको म्हणून कळवलं. पोप लिओ चौदावे, स्वतः मूळचे शिकागोचे, त्याच दिवशी पत्रकारांना म्हणाले की त्या सिनेटरचं चाळीस वर्षांचं सगळं काम बघायला हवं, आणि गर्भपाताला विरोध पण फाशीला पाठिंबा असेल तर त्याला जीवनाच्या बाजूचा म्हणता येत नाही. स्थलांतरितांना अमानुष वागवणाऱ्यांबद्दलही त्यांनी हाच प्रश्न उभा केला.

आता बायडन घरी बसलेत. डर्बिन आणि पेलोसी दोघांनीही २०२६ ची निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलंय. सध्याचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स कॅथलिक आहेत, २०१९ मध्ये चर्चमध्ये आलेले, गर्भपाताच्या विरोधात, पण सरसकट हद्दपारीच्या धोरणाचे खंदे समर्थक. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिशपांनी त्या हद्दपारीविरुद्ध एकत्र निवेदन काढलं. कम्युनियनचा विषय त्यात नाही.

वसईच्या मित्राला मी हा भाग आधी पाठवला होता. त्याने लग्नाचा किस्सा तसाच ठेव म्हणून सांगितलं आणि पुढे लिहिलं, "आमच्या चर्चमध्ये फादरनी कोण कोणाला मत देतो ते विचारायला सुरुवात केली ना, तर लाईनमध्ये फक्त लहान मुलं उरतील." तो परवा कन्फेशनला जाऊन आला म्हणे. कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

चला, पुढच्या भागात भेटू.